मिनी ट्रॅक्टरला केबिन आणि एलईडी दिवे बसवताय? आधी हे वाचा

निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यात गोड्या छाटणीनंतर द्राक्षाच्या कोवळ्या फुटीवर पाऊस पडला की शेतकऱ्याला झोप नसते. डाऊनीच्या भीतीनं रात्री अकराला ब्लोअर जोडायचा आणि पहाटेपर्यंत बाग संपवायची. पुढे डिसेंबर-जानेवारीत थंडी वाढली की पहाटे ट्रॅक्टरवर बसलेल्या गड्याची बोटं स्टेअरिंगवर आखडतात. अशा वेळी पंधरा-वीस एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरचे कंपनीचे दोन दिवे पुरत नाहीत आणि उघड्या सीटवर बसवत नाही. म्हणून गावोगावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात मिनी ट्रॅक्टरला हूड, केबिन आणि एलईडी दिवे बसवून घेतले जातात.

काम अवघड नाही. पण चुकीचं झालं तर ट्रॅक्टर उलटतो, वायरिंग पेटतं, नाहीतर समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचे डोळे दिपून अपघात होतो. म्हणून वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी काय ठरवायचं, काय विचारायचं आणि कशाला नाही म्हणायचं, ते इथे क्रमानं दिलं आहे.

हूड, अर्धी केबिन की पूर्ण केबिन?

तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

पहिला प्रकार नुसता हूड, म्हणजे डोक्यावर छत. ऊन आणि रिमझिम पाऊस अडतो. वजन कमी, वारा खेळता. उन्हाळ्यात नांगरणी, रोटाव्हेटर करणाऱ्याला एवढं पुरतं.

दुसरा प्रकार अर्धी केबिन. छत, समोर काच आणि दोन्ही बाजूंना गुंडाळता येणारे ताडपत्रीचे किंवा पारदर्शक प्लास्टिकचे पडदे. थंडीचा वारा अडतो, उन्हाळ्यात पडदे वर करता येतात. आपल्याकडच्या हवामानाला बहुतेक वेळा हाच प्रकार सोयीचा पडतो.

तिसरा प्रकार चारही बाजूंनी काच आणि दरवाजे असलेली पूर्ण केबिन. थंड देशात छोट्या ट्रॅक्टरला ती सर्रास असते, कारण तिथे बर्फ हटवायचं काम असतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात एसी नसलेली बंद केबिन म्हणजे भट्टी. छोट्या इंजिनावर एसीचा कॉम्प्रेसर चढवला तर तो ताकद खातो. त्यामुळे पूर्ण केबिन करायची असेल तर काढता-घालता येणारीच करावी.

ट्रॅक्टर कुठल्या बागेत चालतो तेही बघायला हवं. मांडवाच्या द्राक्षबागेत तारा साधारण सहा-सात फुटांवर असतात. तिथे उंच हूड जाणारच नाही, गेला तर काड्या आणि घड मोडेल. वाय पद्धतीच्या बागेतही दोन्ही बाजूंचे हात मध्ये झुकलेले असतात. म्हणून आधी ट्रॅक्टर बागेत उभा करून ओळीची रुंदी, तारेची उंची आणि हातांमधली मोकळी जागा टेपनं मोजावी. दोन्ही बाजूंना आणि वर किमान वीतभर जागा राहिली पाहिजे. जमीन ओली असताना टायर सरकतो, हे मापात धरावं. डाळिंबाच्या बागेत ओळी रुंद असतात, पण फांद्या काटेरी असतात. तिथे ताडपत्रीचे पडदे लवकर फाटतात.

वजनाचं गणित

बरेच जण इथे फसतात. फॅब्रिकेटर म्हणतो, "काही नाही, हलकंच होईल." पण हिशोब कागदावर मांडून बघा.

२५ बाय २५ मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप मीटरला साधारण १.४ किलो भरतो. केबिनच्या फ्रेमला १८ मीटर पाइप लागला तर २५ किलो झाले. ५ मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला १२.५ किलो असते. अडीच चौरस मीटर काच म्हणजे ३१ किलो. छताला १८ गेजचा पत्रा वापरला तर तो चौरस मीटरला ९ किलोहून जास्त. दीड चौरस मीटरचे १४ किलो. बिजागऱ्या, दरवाजे, रबर, नट-बोल्ट धरले की एकूण ८० ते ९० किलो होतात.

पंधरा एचपीच्या आसपासचे बरेच ट्रॅक्टर ८ क्विंटलच्या घरातले. म्हणजे ट्रॅक्टरच्या वजनाच्या दहावा हिस्सा आपण वर चढवतोय, आणि तोही सीटच्या उंचीवर. वजन जितकं वर, तितका ट्रॅक्टर उलटायला सोपा. चाऱ्या, बांध, शेततळ्याचा उतार अशा जागी हा फरक लगेच जाणवतो.

म्हणून छताला पत्र्याऐवजी हलकी फायबर किंवा पॉलिकार्बोनेटची शीट घ्यावी. ३ मिलिमीटरची पॉलिकार्बोनेट शीट चौरस मीटरला साडेतीन किलोच्या आसपास भरते, म्हणजे काचेच्या तुलनेत बरीच हलकी. छतावर पाण्याचा ड्रम, खताच्या गोण्या, पाइपांचं बंडल असलं काही बांधायचं नाही.

रोल-बारला हात लावायचा नाही

सीटच्या मागे जो जाड लोखंडी कमानीसारखा पाइप असतो, त्याला रोल-बार म्हणतात. ट्रॅक्टर उलटला तर ड्रायव्हर खाली चिरडू नये म्हणून तो असतो. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरला तो सक्तीचा केला आणि तिथले ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुढच्या काळात खूप कमी झाले. नंतर अनेक देशांनी तोच रस्ता धरला.

हा पाइप कंपनीनं ताकद तपासून बसवलेला असतो. त्याला भोक पाडलं किंवा वेल्डिंग मारलं की त्या जागी लोखंड कमजोर होतं. वरून काही दिसत नाही, पण उलटायची वेळ आली की नेमका तिथेच मोडतो. म्हणून दिवा किंवा हूड रोल-बारला लावायचाच असेल तर दोन तुकड्यांचा क्लॅम्प, म्हणजे बोल्टनं आवळायची पट्टी वापरावी. आत रबर घालावं. भोक नाही, वेल्डिंग नाही.

दुसरी गोष्ट. हूडला किंवा गावात बनवलेल्या केबिनला रोल-बार समजू नये. २ मिलिमीटरचा पाइप ट्रॅक्टरचं वजन पेलत नाही. काही ठिकाणी हूड बसवायला अडचण होते म्हणून रोल-बार काढून गोठ्यात टाकतात. असं कधीही करू नये. रोल-बार उभा असेल तेव्हा सीटबेल्ट लावावा, कारण बेल्ट नसेल तर माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच कमानीखाली सापडतो. फोल्डिंगचा रोल-बार मांडवात शिरताना खाली पाडला असेल तर बेल्ट लावू नये, आणि बागेबाहेर आल्या आल्या बार पुन्हा उभा करून खिळ घालावी.

रोल-बार नसलेला जुना ट्रॅक्टर असेल तर आधी त्याच कंपनीच्या डीलरकडे मॉडेलप्रमाणे रोल-बार मिळतो का ते विचारावं. दिवे आणि केबिन नंतर.

फ्रेम कशी बसवायची

फ्रेम चार ठिकाणी टेकली पाहिजे: मागे मडगार्डच्या मजबूत बैठकीवर किंवा ॲक्सलच्या बाजूला, आणि पुढे फुटबोर्डाच्या ब्रॅकेटवर. नुसत्या मडगार्डच्या पत्र्यावर फ्रेम उभी केली तर काही महिन्यांत पत्रा तडकतो. प्रत्येक पायाखाली रबर बुश घालावा, म्हणजे इंजिनाचा हादरा काचेपर्यंत जात नाही. नट नायलॉनवाले, म्हणजे आपोआप ढिले न होणारे वापरावेत.

फ्रेमचं वेल्डिंग ट्रॅक्टरपासून लांब, जमिनीवरच करून घ्यावं आणि तयार फ्रेम आणून बोल्टनं आवळावी. अगदीच ट्रॅक्टरवर टाका मारायची वेळ आली तर बॅटरीची दोन्ही टोकं सोडावीत. आधी मायनस, मग प्लस. अल्टरनेटरचा जोड काढावा. वेल्डिंगची अर्थ क्लिप टाक्याच्या अगदी जवळ लावावी. डिझेल टाकी आणि पाइप ओल्या गोणपाटानं झाकून जवळ पाण्याची बादली ठेवावी.

फ्रेम बसल्यावर सीटवर बसून बघा. क्लच, ब्रेक, हायड्रॉलिकचा दांडा, पीटीओचा दांडा यांपर्यंत हात-पाय मोकळे जातात का? मागे वळून अवजार दिसतं का? दोन्ही बाजूंनी उतरता येतं का? पूर्ण केबिनमध्ये एक दरवाजा अडकला तर दुसऱ्या बाजूनं बाहेर पडता आलं पाहिजे.

काच कोणती घ्यायची

खिडकीची साधी काच ट्रॅक्टरला कधीच बसवू नये. ती फुटली की सुऱ्यांसारखे तुकडे होतात आणि समोर गड्याचा चेहरा असतो. समोर गाडीला असते तशी दोन थरांची लॅमिनेटेड काच, आणि बाजूला टफन काच घ्यावी. टफन काच फुटली तर बारीक बोथट खडे होतात. टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, म्हणून माप आधी पक्कं द्यावं.

पॉलिकार्बोनेट फुटत नाही, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात. धुळीवर कोरडं फडकं फिरवू नये, आधी पाणी मारावं. ओरखडलेल्या शीटमधून रात्री दिव्याचा उजेड पसरतो आणि समोरचं धूसर दिसतं. म्हणून पॉलिकार्बोनेट बाजूला चालेल, समोर नको.

केबिन आहे म्हणून विष अडत नाही

फवारणी करणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर दगावले. औषधाचं धुकं श्वासातून आणि कातडीतून अंगात जातं, हे त्या वेळी सगळ्या राज्यानं पाहिलं.

गावात बनवलेल्या केबिनमध्ये बसलं म्हणजे आपण सुरक्षित, असा समज धोक्याचा आहे. युरोपात फवारणीच्या केबिनचे चार वर्ग ठरवले आहेत. पहिल्या वर्गात कसलंच संरक्षण धरत नाहीत, दुसऱ्यात फक्त धूळ अडते, तिसऱ्यात धूळ आणि औषधाचे तुषार, आणि चौथ्यात वासासकट वाफही. चौथ्या वर्गाला कोळशाचा फिल्टर आणि आतून हवेचा दाब ठेवणारा पंखा लागतो. आपल्याकडची पत्रा-काचेची केबिन पहिल्याच वर्गातली. उलट औषधाचे तुषार आत शिरले तर ते तिथेच कोंडतात, सीटवर आणि पडद्यावर बसतात.

म्हणून केबिन असो की नसो, मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे सुटत नाहीत. फवारणी संपल्यावर केबिन आतून साबणाच्या पाण्यानं पुसावी. त्या सीटवर लहान मुलांना बसवू नये.

धुराचंही तसंच आहे. सायलेन्सरचा जोड गळका असेल आणि केबिन बंद असेल तर धूर आत साचतो. डोकं जड होणं, मळमळणं, झोप येणं ही त्याची लक्षणं. केबिन बसवण्याआधी सायलेन्सरचं पॅकिंग बदलून घ्यावं, धुरांडं छताच्या वर काढावं, आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये बसू नये.

एलईडी दिवे: किती आणि कसले

जुना ५५ वॅटचा हॅलोजन १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरहून जास्त करंट ओढतो. १८ वॅटचा एलईडी दीड अँपिअरमध्ये त्याच्या जवळपास उजेड देतो. छोट्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर लहान असतो, म्हणून इथे एलईडीचा खरा फायदा.

चार दिवे पुरतात. दोन पुढे, दोन मागे अवजारावर. १८ वॅटचे चार म्हणजे ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर. आपल्या अल्टरनेटरवरच्या पट्टीवर किती अँपिअर लिहिलंय ते बघून मगच दिवे वाढवावेत. इंजिन बंद करून हेच चार दिवे चालू ठेवले तर ५० एएचची चांगली बॅटरी चार तासांत निम्मी होते आणि पहाटे सेल्फ उचलत नाही.

घेताना या गोष्टी बघा:

- दिव्यावर आयपी ६७ लिहिलेलं असावं. पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी पाणी शिरत नाही.
- मागची ॲल्युमिनियमची पाती जाड हवीत. एलईडीची उष्णता तिथून बाहेर पडते. दिवा फोमात किंवा बंद पेटीत बसवला तर लवकर जातो.
- शेतासाठी 'फ्लड', म्हणजे पसरट उजेडाचा घ्यावा. 'स्पॉट' लांब मारतो, पण पायाखालची ओळ अंधारात राहते.
- धुकं आणि धूळ असेल तिथे निळसर पांढऱ्यापेक्षा पिवळसर उजेड बरा. पिवळसर उजेडाकडे किडेही कमी येतात.
- डब्यावरच्या वॅटवर विश्वास ठेवू नका. दुकानदाराला मीटर लावून करंट दाखवायला सांगा. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट धरले तर १८ वॅटच्या दिव्यानं साधारण १.३ अँपिअर घ्यायला हवेत. अर्धा अँपिअर घेत असेल तर तो १८ वॅटचा नाही.

कंपनीच्या हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये नुसता एलईडीचा बल्ब घालू नये. त्याचा आरसा हॅलोजनसाठी केलेला असतो. उजेड वाटेल तसा फाकतो, आपल्याला कमी दिसतं आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

वायरिंग

ट्रॅक्टरची कंपनीची वायर कापून त्यातून दिवा काढणं ही सगळ्यात मोठी चूक. वॉरंटी जाते, आणि जोड तापून आग लागते ती तिथेच. नव्या दिव्यांसाठी बॅटरीपासून वेगळी लाइन ओढावी.

१. काम सुरू करताना बॅटरीचं मायनस सोडावं. ते सगळ्यात शेवटी जोडायचं.

२. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावरच फ्यूज बसवावा. ६ अँपिअरच्या लोडला १० अँपिअरचा, म्हणजे लाल रंगाचा फ्यूज. तो उडाला तर कारण शोधावं. तिथे ३० चा हिरवा किंवा तार घालू नये. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

३. मुख्य वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, दिव्यांपर्यंतच्या फांद्या १.५ च्या. बारीक वायर का नको? अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरनं चार मीटर जाऊन परत यायचं म्हटलं तर ६ अँपिअरला बारापैकी पावणेदोन व्होल्ट वायरमध्येच जिरतात. २.५ च्या वायरमध्ये जेमतेम ०.४ जातात.

४. मध्ये रिले घालावा. त्यावर आकडे असतात. ३० ला फ्यूजकडून येणारी वायर, ८७ वरून दिव्यांकडे, ८६ ला डॅशबोर्डच्या बटणाची वायर आणि ८५ ला अर्थ. बटणाला चावीनंतरची लाइन द्यावी, म्हणजे चावी काढली की दिवे बंद होतात.

५. पुढच्या आणि मागच्या दिव्यांना वेगळी बटणं आणि वेगळे रिले द्यावेत. याचं कारण पुढे रस्त्याच्या भागात येईल.

६. काळी वायर केबिनच्या फ्रेमला जोडून सोडू नये. फ्रेम रबर बुशवर बसलेली असते, त्यामुळे अर्थ नीट मिळत नाही आणि दिवे लुकलुकतात. काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला किंवा चेसिसच्या रंग खरवडलेल्या बोल्टला आणावी.

७. जोड नुसते पिळून टेप मारू नये. थिंबल दाबून बसवावं किंवा पाणी न शिरणारा कनेक्टर वापरावा. वायर नालीदार पाइपात घालून सायलेन्सर, पंखा आणि स्टेअरिंगपासून लांब बांधावी. पत्र्यातून वायर जाते तिथे रबराचं ग्रोमेट हवंच. शेडमध्ये उंदीर असतील तर महिन्यातून एकदा पाइप उघडून बघावा.

रस्त्यावर आल्यावर

शेतातले दिवे शेतात. डांबरी रस्त्याला लागताना जादा दिवे बंद करायचे आणि फक्त कंपनीचे हेडलाइट लावायचे, डीपर खाली ठेवून. मागचा पांढरा दिवा तर हमखास बंद करावा. मागून येणाऱ्याला वाटतं समोरून गाडी येतेय, आणि तो चुकीच्या बाजूला वळतो. मागे लाल दिवा, इंडिकेटर आणि लाल रिफ्लेक्टर दिसले पाहिजेत. ट्रॉली किंवा ब्लोअरमुळे ते झाकले जात असतील तर त्याच्या मागे वेगळे लावावेत. ऊस आणि द्राक्षाच्या हंगामात अंधारात उभ्या किंवा हळू चालणाऱ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळते, ती बहुतेक रिफ्लेक्टर नसल्यामुळे. शे-दोनशे रुपयांच्या पट्टीत एखाद्या घरचा माणूस वाचतो.

कायद्याचंही माहीत असावं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातल्या कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. परवानगी नसलेल्या बदलाला, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आहे. त्यामुळे कायमची वेल्डिंग केलेली केबिन करण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारावं. कंपनीनं आपल्या मॉडेलसाठी मान्य केलेला हूड किंवा केबिन मिळत असेल तर ती पहिली निवड. बिल जपून ठेवावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. जादा साहित्याची नोंद पॉलिसीत करून घेता येते. न कळवता केलेल्या बदलावरून दावा अडकू शकतो.

शेवटची तपासणी

काम झालं की पैसे देण्याआधी संध्याकाळी ट्रॅक्टर चालू करा. सगळे दिवे लावून अर्धा तास चालवा. मग प्रत्येक जोड, रिले आणि फ्यूजला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर जोड ढिला आहे किंवा वायर बारीक आहे. दिवे चालू असताना मीटरवर बॅटरीचे १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. साडेबाराच्या खाली असेल तर अल्टरनेटर पुरत नाही, दिवे कमी करा.

दुसऱ्या दिवशी सपाट रानात मोकळा ट्रॅक्टर चालवा, मग अवजार लावून. वळताना पूर्वीपेक्षा जास्त झुकतोय असं वाटलं तर गडी काय म्हणतो ते ऐका आणि वरचं वजन कमी करा. दहा तास चालल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा.

बऱ्याच घरी ट्रॅक्टरचा मालक एक आणि रात्री चालवणारा दुसरा असतो. केबिन कशी हवी, बटण कुठे हवं, कुठली बाजू दिसत नाही, हे त्यालाच जास्त कळतं. फॅब्रिकेटरकडे जाताना त्याला सोबत न्या.